वाटेवरची पंगत : प्रस्तावना

स्वयंपाक, प्रवास आणि मैत्री या तीन विषयांवर मराठीत निरनिराळे लेखन विपुल झाले आहे. परंतु हे तीन विषय ज्या ठिकाणी एकमेकांस येऊन मिळतात, त्या ठिकाणाची हकीकत एकत्र मांडलेली क्वचितच आढळते, आणि प्रस्तुत लेखसंग्रहाचा सारा प्रपंच तेवढ्यासाठीच आहे. लक्ष्मीबाई धुरंधर यांच्या 'गृहिणी-मित्र'पासून कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'पर्यंत पाकशास्त्रीय ग्रंथांची जी समृद्ध परंपरा आपल्याकडे निर्माण झाली, तिचा रोख घरच्या चुलीकडे आहे, आणि तो तसा असणे स्वाभाविकही आहे. प्रवासवर्णनांचा विचार करावा, तर वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणा मिळवून घरची ओढाताण दूर करावी या उमेदीने चुलत्यांबरोबर उत्तर हिंदुस्थानात गेले, १८५७ च्या धामधुमीत सापडले, झाशीचा पाडाव त्यांनी डोळ्यांनी पाहिला आणि अखेर गंगेच्या पाण्याची कावड घेऊन ते घरी परतले, तो 'माझा प्रवास' १९०७ साली छापून प्रसिद्ध झाल्यापासून आजतागायत आपल्या प्रवासी लेखकांनी तीर्थे, राजवाडे, वस्तुसंग्रहालये आणि हिमशिखरे यांचे वर्णन मनोभावे केले. वाटेत काय खाल्ले आणि कोणाबरोबर खाल्ले, हा मजकूर मात्र बहुधा गैरसोयींच्या यादीत जमा झाला. मैत्रीविषयी आपण लिहितो ते माणूस गेल्यावर, आणि तेही तो माणूस थोर असला तरच. धर्मशाळेच्या ओट्यावर शेजारच्या बिऱ्हाडातील बाईने न मागता पुढे केलेली लसणीची चटणी, किंवा गाडीच्या बाकावर परक्या माणसाने आपल्या मुलास सोलून दिलेले संत्रे, यांची नोंद कोणत्याच दप्तरात नाही.

हा विषय किरकोळ आहे असे म्हणणाऱ्यांस उत्तर देणे, हे या प्रस्तावनेचे पहिले काम होय. आज आपण स्थानकावर उतरतो, फलाटावरच्या विक्रेत्याकडून वडा घेतो, शेजारी उभ्या असलेल्या, जातगोत ठाऊक नसलेल्या माणसाशी चार शब्द बोलत तो खातो आणि हात पुसून पुन्हा डब्यात चढतो. या साध्या कृतीस आपण सुखही म्हणत नाही, इतकी ती अंगवळणी पडली आहे. परंतु चार-पाच पिढ्यांपूर्वी, याच मुलखात, त्या कृतीच्या प्रत्येक पायरीस धर्माचा, पंचांचा आणि घरच्या वडीलधाऱ्यांचा अटकाव होता. कोणाच्या हातचे खावे, कोणासमोर खावे, कोणत्या पात्रातले पाणी प्यावे, याचे निर्बंध घराबाहेर पडलेल्या माणसास घरातल्यापेक्षाही अधिक जाचत, आणि ते मोडणाऱ्यास वाळीत टाकण्यापर्यंत मजल जाई. जे सुख आज फुकट मिळाल्यासारखे वाटते, ते महाराष्ट्राने फार किंमत देऊन मिळवले आहे. म्हणूनच त्याचा जमाखर्च कोणीतरी आस्थेने मांडला पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

जुन्या शिदोरीपासूनच आरंभ करू. बैलगाडीच्या किंवा पायी प्रवासाच्या काळात पहाटे निघणाऱ्या माणसाच्या फडक्यात जे बांधून दिले जाई, त्यात दशमीचा मान मोठा होता. पाण्याऐवजी दुधात पीठ भिजवून केलेली ही भाकरी किंवा पोळी दुसऱ्या दिवसापर्यंत नरम राहते, हा तिचा एक गुण. आणि पाण्याचा स्पर्श न झालेले अन्न खरकटे मानले जात नसल्यामुळे सोवळ्याओवळ्याचा बाध न येता ती वाटेत कोठेही बसून खाता येई, हा तिचा दुसरा आणि त्या काळच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा गुण. तिच्यासोबत तिखटमिठाच्या पुऱ्या, धपाटे, मेतकूट, जवसाची किंवा कारळाची कोरडी चटणी, गुळाचा खडा आणि बुक्कीने फोडावयाचा कांदा, असा सरंजाम असे. हा सरंजाम ज्या स्त्रियांनी पिढ्यानुपिढ्या सिद्ध केला, त्यांना उन्हाचा ताप, पावसाळी दमटपणा, मुक्कामांमधले अंतर आणि भूक लागण्याची वेळ यांचे इतके अचूक ज्ञान होते, की कोणत्या महिन्यात कोणती चटणी बांधावी यात चूक होत नसे. आणि ज्या स्त्रियांना स्वतःला माहेर-सासरपलीकडे प्रवास क्वचितच घडला, त्यांनीच प्रवासाचे हे शास्त्र घडवले, ही गोष्ट मला नेहमीच विस्मयकारक वाटत आली आहे.

तथापि या शिदोरीची एक दुसरी बाजू होती, आणि ती झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. शिदोरी जशी भूक भागवी, तशीच ती परक्याच्या हातचे अन्न टाळण्याचीही तजवीज करी. एकाच पिंपळाच्या पारावर दुपारच्या वेळी चार जातींचे चार वाटसरू टेकत, आणि प्रत्येक जण आपले फडके सोडून, पाठ फिरवून, आपापला घास खाई. पाराखाली मात्र ज्याला टेकावयासच मनाई होती, तो दूर उन्हात उभा राही. अन्न होते, प्रवास होता, सोबतही होती. परंतु पंगत नव्हती.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली, आणि १८६३ साली बोरघाट फोडून ती वर देशावर चढली, तेव्हा या फिरवलेल्या पाठींची व्यवस्था प्रथमच मोडली. डब्यातील बाक कोणाची जात विचारीत नव्हता. ज्याने भाडे भरले त्यास बसावयास जागा देणे रेल्वेस भाग होते. जुने निर्बंध अर्थात तेवढ्याने नाहीसे झाले नाहीत. स्थानकांवर हिंदू पाणी आणि मुसलमान पाणी निरनिराळ्या पिंपांतून वाटण्याचा शिरस्ता स्वातंत्र्य मिळेपर्यंत चालू राहिला, आणि डब्यात खांद्याला खांदा लावून बसलेली माणसेही जेवणाच्या वेळी आपापले डबे मांडीवर घेऊन अंग चोरीत. परंतु तास-दोन तास एका बाकावर बसलेल्या माणसांनी एकमेकांस गाव विचारले, गावावरून सोयरीक निघाली, सोयरिकीवरून लोणच्याची फोड पुढे झाली, असे घडत गेले. आणि हे घडवून आणण्यास कोणा सुधारकास व्याख्यान द्यावे लागले नाही, हे विशेष होय.

सुधारकांनी जे केले ते शहरात, बंद दारांआड आणि पुष्कळदा भीत भीत केले. १८४९ साली मुंबईत स्थापन झालेल्या परमहंस सभेत प्रवेश घेणाऱ्या तरुणास परधर्मीयाने भाजलेला पाव खाऊन आपली तयारी सिद्ध करावी लागे; सभासदांची यादी बाहेर फुटली, आणि १८६० च्या सुमारास ती सभाच विसकटली. महात्मा फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांस खुला केला, तो मात्र उघडपणे, आणि परिणामांची तमा न बाळगता. पुढे १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये जमलेल्या प्रतिष्ठित मंडळींपुढे चहाबिस्किटे आली, कोणी चहा घेतला, कोणी नुसता पेला हाती धरून ठेवला. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे छापून आणताच शहरात ग्रामण्य माजले, लोकमान्य टिळकांस प्रायश्चित्त घ्यावे लागले, आणि पुढे न्यायमूर्ती रानड्यांनीही ते घेतले, तेव्हा त्यांच्या अनुयायांस जे दुःख झाले त्याची आठवण त्या पिढीने दीर्घकाळ बाळगली. एका पेलाभर चहासाठी देशातील अग्रगण्य विद्वानांची चौकशी व्हावी, यावरून त्या पेल्याचे सामर्थ्य किती होते, हे उमगते.

परंतु या साऱ्या इतिहासातील ज्या एका दुकानापाशी माझे मन पुनःपुन्हा जाऊन थांबते, ते कोल्हापूरच्या भाऊसिंगजी रस्त्यावरचे गंगाराम कांबळे यांचे चहाचे दुकान होय. गंगाराम हे दरबारच्या चाकरीतील अस्पृश्य सेवक. वरच्या जातींसाठी राखलेल्या पाण्यास ते शिवले म्हणून त्यांना बेदम मारहाण झाली. ही कैफियत शाहू महाराजांच्या कानी गेली, तेव्हा त्यांनी अपराध्यास शासन तर केलेच. पण तेवढ्यावर न थांबता गंगारामांस चाकरीतून मोकळे करून स्वतंत्र धंद्यासाठी भांडवल दिले, आणि त्यांतून 'सत्यसुधारक' हे हॉटेल उभे राहिले. आता अस्पृश्याच्या हातचा चहा पिण्यास कोल्हापुरात कोण येणार? महाराजांची गाडी त्या दुकानापुढे उभी राही, महाराज चहा मागवून घेत, स्वतः पीत आणि बरोबरच्या सरदार-मानकऱ्यांसही देववीत. आणि छत्रपती पितात तो चहा आपणास वर्ज्य कसा, असा पेच मग बाकीच्यांपुढे आपोआप उभा राही. हुकूम काढून जे झाले नसते, ते रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून चहा पिण्याने झाले. राजाच्या मनात येथे केवळ धोरण होते असे मला वाटत नाही. ज्याच्या हातचा चहा रोज घ्यावयाचा, त्याच्याविषयी जिव्हाळा उत्पन्न झाल्यावाचून राहत नाही, आणि गंगारामांच्या मनात महाराजांविषयी किती भक्ती होती याची साक्ष म्हणजे महाराजांच्या निधनानंतर दलितांच्या वर्गणीतून स्मारक उभे करण्यासाठी त्यांनी घेतलेला पुढाकार.

वाटेवरच्या अन्नाचा विचार करताना पंढरीची वाट वगळता येणे शक्यच नाही, आणि या विषयावर मराठीत जे लिहिले गेले त्यांत इरावती कर्वे यांच्या 'परिपूर्ती' या संग्रहातील 'वाटचाल' या लेखाइतके निर्भीड आणि हृदयस्पर्शी असे दुसरे काही माझ्या वाचनात नाही. इरावतीबाई ज्या दिंडीबरोबर चालल्या, तिच्यात अभंग एक होते, वीणा एक होती, वाट एक होती. परंतु ब्राह्मणांचे आणि मराठ्यांचे जेवण मात्र निरनिराळ्या चुलींवर शिजत होते आणि निरनिराळ्या पंगतींत वाढले जात होते, ही गोष्ट त्यांना फार लागली, आणि ती त्यांनी स्पष्ट लिहून ठेवली. त्याच लेखात त्यांनी असेही नमूद केले आहे, की मराठा स्त्रियांच्या पंगतीत बसून जेवल्यानंतर त्या स्त्रिया त्यांच्याशी अधिक मोकळेपणाने, अधिक आपलेपणाने वागू लागल्या. समाजशास्त्राच्या व्यासंगी विदुषीने, पायी चालत, प्रत्यक्ष अनुभवातून काढलेला हा निष्कर्ष माझ्या संपूर्ण पुस्तकाचा आधार आहे, असे म्हटले तरी चालेल. सहवासाने माणसे ओळखीची होतात. परंतु एकमेकांच्या हातचे खाल्ल्यानंतर ती मित्र होतात. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरीत प्राण पणाला लावून विठ्ठलाचे मंदिर सर्वांस खुले करविले. पंगतीचे दार उघडण्यास त्यानंतरही काळ लागला, आणि सर्व ठिकाणी ते पूर्ण उघडले आहे असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.

आजच्या वारीची व्यवस्था जवळून पाहण्यासारखी असते. दिंडीतील प्रत्येक वारकरी आपली भिशी आधी भरतो, त्या पैशांतून शिधा घेतला जातो, आणि दिंडीच्या मालमोटारी पुढच्या तळावर जाऊन पोहोचतात, ती माणसे मागून चालत येईपर्यंत पाले ठोकलेली, चुलाणी पेटलेली आणि मोठ्या पातेल्यांत डाळ रटरटत असते. भाकऱ्या थापणाऱ्या बाया स्वतःही वारकरीच. दिवसभर चालून येऊन परातीपुढे बसावयाचे, हा त्यांचा वाटा पुरुषांच्या वाट्याहून किती जड आहे, याचा उल्लेख कीर्तनांतून व्हावयास हवा तितका होत नाही. ज्ञानोबांची पालखी आळंदीहून निघून पुण्यात दोन रात्री राहते आणि सासवडच्या वाटेला लागते, तो दिवे घाटाचा लांबलचक टप्पा साधारणतः एकादशीस येतो. म्हणजे सर्वांत कठीण चढण आणि पोटात उपवास, असा योग जमून येतो. त्या दिवशी हडपसरपासून घाटाच्या पायथ्यापर्यंत रस्त्याच्या दुतर्फा जी माणसे उभी असतात, त्यांच्या हातांत केळी, राजगिऱ्याचे लाडू, भिजवलेले शेंगदाणे, साबुदाण्याची खिचडी असते. देणारा घेणाऱ्यास 'माऊली' म्हणतो, घेणाराही देणाऱ्यास 'माऊली' म्हणतो, आणि त्या एका संबोधनापलीकडे कोणी कोणाची चौकशी करीत नाही.

यात्रेवरून नित्याच्या प्रवासाकडे वळले, की मुंबई-पुणे मार्गावरचे कर्जत स्थानक सर्वप्रथम डोळ्यांपुढे येते. कर्जतहून लोणावळ्याकडे चढणारा बोरघाट इतका उभा आहे, की सदतीस फुटांमागे एक फूट असा त्याचा चढ. तो चढावयाचा तर गाडीस मागून रेटा देणारी जादा इंजिने जोडावी लागतात, आणि ती जोडली जाईपर्यंत गाडी कर्जतला थांबते. त्या चार-पाच मिनिटांतून कर्जतच्या बटाटेवड्याचा जन्म झाला. आरोळी ऐकू येण्यापूर्वीच लसणाचा वास खिडकीतून आत येतो. दिवाडकरांच्या वड्याचे नाव न ऐकलेला मुंबई-पुणे प्रवासी विरळाच. उकडलेला बटाटा अगदी गुळगुळीत न करता हाताने कुस्करलेला, त्यात आले, लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि हळद, वर बेसनाचे पातळ आवरण, आणि सोबत लाल, कोरडी, लसूणखोबऱ्याची चटणी. यात दुर्मीळ असे काहीच नाही. दुर्मीळ आहे ती वेळ. गाडी मागून हलकेच धक्का देऊन सांगते, की इंजिन लागले. तेवढ्या अवधीत खिडकीशी बसलेला मनुष्य दाराशी उभ्या असलेल्याकडे पैसे देतो, तो खाली उतरून चौघांसाठी वडे आणतो, सुट्या पैशांचा हिशेब कोणी नीट करीत नाही, आणि गाडी पळसदरीच्या पुढे बोगद्यात शिरते तेव्हा, कागदावर तेलाचे डाग उमटत असताना, मघापर्यंत परस्परांकडे न पाहिलेली माणसे एकमेकांस चटणी सरकवीत असतात.

याच मार्गावर १ जून १९३० रोजी दख्खनची राणी धावू लागली, आणि तिच्याबरोबर भोजनाच्या डब्याची रीतही रुळली. तिच्या पासधारकांची मैत्री हा एक स्वतंत्र विषय असून त्यास या पुस्तकात एक दीर्घ प्रकरण दिले आहे, म्हणून येथे थोडक्यात आटोपतो. वर्षानुवर्षे ठरलेल्या डब्यात ठरलेल्या जागी बसणारी ही मंडळी एकमेकांस कचेरीतील हुद्द्याने ओळखत नाहीत. कोणाच्या घरून गुरुवारी साबुदाणेवडे येतात, कोणास मधुमेह आहे, कोणाची मुलगी बाळंतपणास आली आहे, यावरून ओळखतात. एखादा निवृत्त झाला, की त्याच्यासाठी डब्यात पेढे वाटले जातात, आणि पुढे कित्येक महिने त्याची जागा कोणी हक्काने घेत नाही. योगायोगाची गोष्ट अशी, की एस.टी.ची पहिली गाडी पुण्याहून नगरला सुटली तीही १ जूनलाच, १९४८ साली. एस.टी.च्या थांब्यावर मिसळीची ताटे समोर येतात तेव्हा चालक-वाहक एका बाकावर बसतात, आणि शेजारच्या आसनावरील बाई आपले झोपलेले मूल अनोळखी प्रवाशाच्या भरवशावर ठेवून हात धुवावयास जाते. हा भरवसा आपल्या सार्वजनिक जीवनातील फार मोठी ठेव आहे.

आता ज्यासाठी प्रवास फार लांबचा करावा लागत नाही, अशा एका भोजनाचे वर्णन करतो, कारण मैत्री आणि अन्न यांचे नाते त्यात जितके उघडे दिसते तितके दुसरीकडे दिसत नाही. रायगड जिल्ह्यात, अलिबाग, पेण, रोहे या बाजूस, भाताची कापणी झाल्यावर जमिनीत उरलेल्या ओलाव्यावर वाल पेरतात. पौषाच्या आसपास त्याच्या शेंगा भरतात, आणि मग संध्याकाळी एखादा मित्र सहज विचारतो, पोपटी लावायची का? होकार मिळताच कामांची वाटणी आपोआप होते. एक जण मडके घेऊन येतो. दोघे बांधाबांधाने हिंडून भांबुर्ड्याचा पाला उपटून आणतात, त्याचा उग्र, ओव्याच्या अंगाने जाणारा वास हातांस दुसऱ्या दिवसापर्यंत सोडत नाही. कोणी शेंगा धुतो, कोणी पेंढा आणि काटक्या गोळा करतो. मडक्याच्या तळाशी पाला, त्यावर मीठ आणि ओवा चोळलेल्या शेंगा, मध्ये बटाटे, रताळी, अंडी, आणि मांसाहारी मंडळी असतील तर मसाला लावून पानात गुंडाळलेले कोंबडीचे तुकडे, पुन्हा शेंगा, आणि शेवटी तोंड गच्च बंद होईल इतका पाला. पाण्याचा थेंबही घालावयाचा नाही. हे मडके जमिनीवर उपडे ठेवून भोवती पेंढा-काटक्या रचून पेटवतात.

पुढचा अर्धा-पाऊण तास हाच पोपटीचा खरा काळ. त्या वेळात करण्यासारखे काही नसते, जाळ सारखा राहील एवढे पाहावयाचे. आणि म्हणूनच माणसे बोलू लागतात. पेणजवळच्या एका शेतात, अशाच एका रात्री, वडिलोपार्जित जमिनीच्या वाटणीवरून बरेच दिवस परस्परांशी न बोललेले दोन चुलतभाऊ एकाच जाळास दोन बाजूंनी काटक्या सारताना मी पाहिले. त्यांच्यात समेट झाला असे मी म्हणत नाही, परंतु 'इकडून विझत आलंय रे, घाल जरा', एवढे वाक्य एकाच्या तोंडून निघाले आणि दुसऱ्याने निमूटपणे काटक्या घातल्या. मग जाणत्याने मडक्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडले, ते चर्रकन उडून गेले, तेव्हा पोपटी झाल्याची खात्री पटली. जाळ बाजूस सारून, ओल्या गोणपाटाने धरून मडके उलथले, आणि वाफेने शिजलेल्या, हिरव्याच्या पिवळसर झालेल्या शेंगा वर्तमानपत्रावर पसरल्या; सर्वांचे हात एकाच ढिगात. शेंग दातांत धरून ओढली, की आतले दाणे लोण्यासारखे मऊ लागतात. पोपटी एकट्यासाठी लावता येत नाही, ही तिची मर्यादा मुळीच नव्हे; तिचा मोठेपणा तेथेच आहे. सोलापूर-नगरकडचा हुरडा, आगटीत भाजलेली कोवळी कणसे तळहातांवर चोळून एकमेकांच्या ओंजळीत टाकण्याचा तो सोहळा, आणि खानदेशात काट्यांवर भाजलेल्या वांग्यांच्या भरिताचे बेत, हेही याच कुळातले. त्यांची प्रकरणे पुढे आहेत.

या सर्वांच्या पार्श्वभूमीवर आजच्या एका बदलाविषयी माझी चिंता मी लपवू इच्छीत नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण झाला, प्रवासाचे तास वाचले, अपघाती आणि कोंडीच्या जुन्या रस्त्यापासून पुष्कळांची सुटका झाली, हे निर्विवाद आहे. परंतु स्वतःच्या मोटारीत, काचा वर करून, आपल्याच कुटुंबासमवेत निघालेला मनुष्य वाटेतल्या प्रशस्त उपाहारगृहात उतरतो, आपले चौघांचे टेबल धरतो, जेवतो आणि पुन्हा काचा वर करून निघून जातो. तीन तासांच्या प्रवासात त्याचा परक्या माणसाशी संबंध येतो तो फक्त पैसे देण्यापुरता. पिंपळाच्या पारावर पाठ फिरवून बसलेल्या वाटसरूस निदान जातीच्या धाकाचे कारण होते. आपणांस तसे कोणतेही कारण नसताना, केवळ सोयीपोटी, आपण पुन्हा पाठ फिरवून बसू लागलो, तर गंगाराम कांबळ्यांच्या दुकानापुढे थांबलेल्या त्या गाडीचा आपल्यास विसर पडला, असेच म्हणावे लागेल. ज्यांना शक्य आहे त्यांनी वर्षातून काही वेळा तरी एस.टी.ने किंवा साध्या डब्यातून जावे, आणि डबा सोबत न्यावाच, पण तो दोन माणसांना अधिक पुरेल असा न्यावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

पुस्तकाच्या रचनेविषयी थोडे. लेखांचा क्रम ऋतुमानाप्रमाणे ठेवला असून आरंभ आषाढातील वारीपासून केला आहे. श्रावण-भाद्रपदातील कोकणच्या गाड्या, गणपतीस गावी निघालेले चाकरमानी आणि त्यांचे डबे, त्यानंतर दिवाळीच्या फराळाची शहराशहरांतून होणारी देवाणघेवाण, थंडीतील पोपटी, हुरडा आणि भरीत, आणि अखेरीस वैशाखातील आंबे व भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या जुन्या आगबोटींच्या आठवणी, असा तो क्रम आहे. आगबोटींचे प्रकरण लहान झाले, कारण त्या बोटींवर रात्र काढलेल्या वृद्ध मंडळींकडून जेवढे ऐकले तेवढेच लिहिले. कल्पनेने त्यात भर घातलेली नाही. ज्यांच्या घरी, शेतावर किंवा डब्यात मी जेवलो त्यांची नावे त्यांच्याच इच्छेवरून दिलेली नाहीत. त्यांतील पुष्कळांशी माझा स्नेह आजही आहे, आणि काहींचा पत्ता मला कधीच ठाऊक नव्हता.

काही प्रकरणांच्या शेवटी कृती दिल्या आहेत. त्यांतील प्रमाणे दहा माणसांस पुरतील अशी आहेत, आणि ती हेतुपुरस्सर तशी ठेवली आहेत. दशम्या, चटण्या यांची प्रमाणे निम्मी करण्यास हरकत नाही; पोपटीची मात्र करू नयेत, कारण मडके अर्धे रिकामे राहिले तर शेंगा करपतात. घरची माणसे कमी पडत असतील, तर शेजाऱ्यांस बोलवावे. त्यांच्याशी बोलणे नसेल तरीही बोलवावे.